सासऱ्यांचं गाव आणि बायकोच्या हातातला नकाशा (ताइशान, चीन)

बंड्या_बेएरिया

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणतोय, आज मुहूर्त लागला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मी मूळचा साताऱ्याचा, बायको चिनी वंशाची पण जन्म सॅन फ्रान्सिस्कोचा, सासरे मात्र चीनमध्येच जन्मलेले, ग्वांगदोंग प्रांतातल्या ताइशानचे. मागच्या चिंगमिंगला (एप्रिलच्या सुरुवातीला येतो, पूर्वजांच्या कबरी साफ करायचा सण) आम्ही तिघं तिकडे जाऊन आलो. माझ्याकडे खाती दोन, बॅगा उचलणे आणि फोटो काढणे, त्यामुळे बापलेकीची कशी जुंपते ते बघायला भरपूर वेळ होता.

आधी थोडा इतिहास सांगावाच लागेल, कंटाळा आला तर खाली सरका. ताइशान आणि शेजारचे काइपिंग, एनपिंग, शिनहुई हे चार तालुके धरून चाला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून या चार तालुक्यांतली माणसं बाहेर पडली, आधी कॅलिफोर्नियात सोनं सापडलं म्हणून आणि मग तिथली रेल्वे बांधायला. १८८२ ला अमेरिकेने चायनीज एक्सक्लूजन ॲक्ट आणला, चिनी मजुरांना बंदी. ती उठली १९४३ ला, आणि उठली म्हणजे काय तर वर्षाला १०५ माणसांचा कोटा मिळाला. मधल्या साठ वर्षांत लोक यायचे थांबले का, तर नाही. १९०६ च्या भूकंपानंतर जी आग लागली त्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी नोंदी जळाल्या, मग बऱ्याच चिन्यांनी सांगितलं की आम्ही इथेच जन्मलो, कागद जळाले त्याला आम्ही काय करणार. नागरिक ठरलं की मुलं आणता येतात. मग प्रत्येक वेळी गावी जाऊन आलं की अधिकाऱ्याला सांगायचं, मुलगा झाला. झालेला असो नसो. कागदावर एक जागा तयार होते, आणि ती जागा दुसऱ्या कुणाच्या तरी पोराला विकायची. असा आला तो 'पेपर सन', कागदी मुलगा.

आमचे आजेसासरे हे असे कागदी. खरं आडनाव यी, कागदावर वॉन्ग. १९३० च्या दशकात मिसरूड फुटायच्या वयात एंजल आयलंडवर उतरले. तिथे १९१० ते १९४० इमिग्रेशनचं ठाणं होतं, खाडीतलं बेट, सुटका नाही. अधिकारी तासन् तास प्रश्न विचारायचे, तुझं घर कितव्या ओळीत, विहीर कुठल्या बाजूला, शेजारच्या म्हातारीचे पाय जुन्या चालीप्रमाणे लहानपणीच आवळून बांधलेले होते का, घरात घड्याळ होतं का, तांदळाची कणगी कुठे ठेवायचे. तेच प्रश्न 'बापाला' आणि 'भावाला' वेगळे विचारायचे आणि उत्तरं जुळली नाहीत तर परतीची बोट. म्हणून जागा विकणारा सोबत एक उत्तरांची वही द्यायचा, ती बोटीवर पाठ करायची आणि किनारा दिसायच्या आत समुद्रात फेकायची.

ते पास झाले. १९४७ ला गावी जाऊन लग्न केलं, १९४८ ला सासरे जन्मले, तोवर आजेसासरे परत अमेरिकेत. १९४९ ला क्रांती झाली, दार बंद. सासऱ्यांनी स्वतःच्या वडलांना पहिल्यांदा बघितलं ते १९६६ साली, सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर, अठराव्या वर्षी. आणि वडील कागदावर वॉन्ग म्हणून मुलगाही वॉन्ग, माझी बायको वॉन्ग. कोल्माच्या कबरस्तानात आजेसासऱ्यांच्या दगडावर इंग्रजीत वॉन्ग आहे आणि चिनी अक्षरात यी.

पुढचं उद्या टाकतो, मुलीला पोहायला न्यायचंय.

माझगावकरीण

जागा पकडली. आणि थांबा, हे चार तालुके म्हणजेच सी यिप ना? आमच्या माझगावात डॉकयार्ड रोड स्टेशनजवळ चिनी देऊळ आहे, सी यिप लोकांनीच बांधलेलं, १९१९ चं. क्वान कुंग म्हणून दाढीवाला लालबुंद देव. चिनी न्यू इयरला गर्दी असते, एरवी कुलूप, चावी शेजारच्या कुटुंबाकडे. लहानपणी आम्ही बाहेरून वास घ्यायचो उदबत्त्यांचा. तेव्हा कधी डोक्यातच आलं नाही की ही माणसं चीनमधल्या नेमक्या कुठल्या गावची असतील, सगळे आपले 'चिनी'. आईचा डेंटिस्ट चिनी होता, बुटांचं दुकान चिनी, पार्लर चिनी.

बंड्या_बेएरिया

@माझगावकरीण हो तेच तेच! सासऱ्यांना सांगितलं मुंबईत सी यिप देऊळ आहे तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, चालवतं कोण आणि पैसे कुठून येतात. दुसरा प्रश्न नाही.

शंकाखोर

लेख छान आहे पण एक विचारतो, राग नको. म्हणजे हे सगळे बोगस कागदपत्रांवर घुसलेलेच ना? आज कुणी असं केलं तर आपण काय म्हणतो? पन्नास-साठ वर्षांनी सगळ्याच गोष्टींना रोमँटिक करायचं असतं का

सॅनहोजेची_शुभा

आला का काडी घेऊन. अहो शंकाखोर, तो कायदा नाव घेऊन एका वंशाच्या मजुरांविरुद्ध होता. व्यापारी, विद्यार्थी चालत होते, मजूर नको. सरळ दार नव्हतंच तर माणूस खिडकीतूनच जाणार. आणि पुढे १९५६ पासून सरकारनेच कबुलीची योजना काढली, या आणि खरं नाव सांगा म्हणून, हजारोंनी सांगितलंही. पण एकाने कबूल केलं की त्याच्या कागदी घराण्यातले सगळेच उघडे पडायचे, त्यामुळे घराघरांत भांडणं.

बंड्या_बेएरिया

आजेसासरे नाही गेले कबूल करायला, याच कारणाने. वॉन्ग मंडळी नको म्हणाली. आणि रोमँटिक करायचं म्हणाल तर सासऱ्यांना विचारा, ते म्हणतात बापाने त्या कागदाचं कर्ज कित्येक वर्षं फेडलं, लाँड्रीत काम करून. दर वर्षामागे शंभर डॉलर असा भाव असायचा म्हणतात, म्हणजे पंधरा वर्षांचा पोरगा तर दीड हजार. त्या काळात.

पुणेरी_चहा

वाचतोय. फोटो टाका.

बंड्या_बेएरिया

भाग दोन. फोटो शेवटी टाकतो, बायकोची परवानगी घेऊन.

तर सॅन ब्रूनोला, म्हणजे विमानतळाच्या जवळच, नॅशनल अर्काइव्ह्जची शाखा आहे, तिथे त्या चौकशांच्या फायली ठेवल्यात. कुणीही नातेवाईक जाऊन बघू शकतो. बायकोने आजोबांची फाइल काढली. पानंच्या पानं प्रश्नोत्तरं, टाइप केलेली, आणि मागे गावाचा नकाशा. घरांच्या ओळी, समोर तळं, मागे बांबूचं बन, विहीर, वेशीवरचं वडासारखं झाड. (झाडाला इंग्रजीत बनयान असंच म्हणतात, आपला वड नव्हे पण खानदान तेच.) बायको त्या नकाशावर इतकी खूश की फोटोकॉपी लॅमिनेट करून घेतली.

आता हुशार वाचकांच्या लक्षात आलं असेल. नकाशा कुठल्या गावाचा? वॉन्गांच्या गावाचा. आजेसासरे यी. ज्या गावात ते वाढलेच नाहीत त्या गावाचा नकाशा त्यांनी बोटीवर पाठ केला होता.

बायकोला हे माहीत होतं हां, तिचं म्हणणं असं की म्हणूनच तर बघायचंय. आजोबांनी ज्या विहिरीची जागा तोंडपाठ केली ती विहीर आहे का तरी. सासऱ्यांचं म्हणणं, त्या गावात आपलं काय आहे? कुणाला भेटायचंय? कुणाची कबर आहे? काहीच नाही तर टॅक्सीचे पैसे कशाला. ही चर्चा सॅन फ्रान्सिस्कोपासून सुरू झाली ती हाँगकाँगला संपली नाही, वेस्ट कौलूनहून हाय स्पीड ट्रेनमध्ये बसलो तरी चालूच. एकदा तर दोघं दोन भाषांत भांडत होते, ती मँडरिनमध्ये (कॉलेजात शिकली), ते त्यांच्या ताइशानच्या बोलीत, आणि मधल्या सीटवर मी. गंमत अशी की हॉटेलात, स्टेशनवर, दुकानात सगळीकडे तिची भाषा चालायची आणि ते गप्प उभे, आणि गावच्या म्हाताऱ्या भेटल्या की ते सुटायचे आणि हिला एक अक्षर कळत नव्हतं. ताइशानची बोली कँटोनीज बोलणाऱ्यांनाही नीट समजत नाही. आणि गावातली आत्ताची पोरं शाळेत मँडरिन शिकतात, त्यामुळे ती आजीपेक्षा हिच्याशीच जास्त बोलत होती.

शेवटी टॅक्सीवाल्यानेच प्रश्न सोडवला, म्हणाला वॉन्गांचं ते गाव वाटेवरच आहे, थांबतो.

गेलो. आणि मंडळी, नकाशा बरोबर निघाला. तळं तिथेच, घरांच्या ओळी तशाच सरळ, मधल्या गल्ल्या जेमतेम दोन माणसं जातील एवढ्या, विहीर पश्चिमेला, फक्त वरून सिमेंटचं झाकण. बायको हातात नकाशा धरून ओळी मोजत मोजत गेली, तिसरी ओळ, समोरून चौथं घर. कुलूप. दारावरचे लाल कागद फाटलेले, पांढरे पडलेले. गावात माणसं मोजकीच, दोन म्हातारे पत्ते खेळत होते आणि एक बाई कोबी चिरत होती. त्यातला एक म्हातारा वॉन्गच. त्याला सासऱ्यांनी सगळं सांगितलं, म्हणजे सांगावंच लागलं. म्हातारा हसायला लागला. घरात गेला आणि वंशावळीचं पुस्तक घेऊन आला. त्या घरातल्या माणसाला मुलगे चार. अमेरिकेच्या फायलीत सहा.

म्हातारा बोटाने चार नावं दाखवत होता आणि सासरे मान हलवत होते, जणू हिशेब तपासायला आलेत. मग खिशातून लाल पाकीट काढून त्याला दिलं. बायको मला हळूच म्हणाली, ज्यांच्याकडून कागद विकत घेतला त्यांना अजून पैसे देतायत.

टोरांटोचा_तात्या

भन्नाट. इकडे टोरांटोत कलकत्त्याचे बरेच चिनी आहेत, बहुतेक हक्का लोक, ग्वांगदोंगच्याच मेइशियान भागातले, त्यांचे बापजादे तांगऱ्यात कातड्याचे कारखाने चालवायचे. ओळखीचे एक काका आहेत, बंगाली हिंदी फर्डं बोलतात. १९६२ च्या युद्धानंतर राजस्थानात देवळीच्या कॅम्पात होते लहान असताना, जवळपास तीन हजार भारतीय चिन्यांना ठेवलं होतं तिथे. ते पण गेले होते मुलाबरोबर मेइशियानला. मुलगा परत येऊन म्हणतो बाबांना तिथे काहीच ओळखीचं वाटलं नाही, त्यांना खरं जायचं होतं शिलाँगला. कारण आयुष्यातलं घर तिथलं. तिकडे जायला अजून जमलं नाही, मन होत नाही म्हणतात.

माझगावकरीण

देवळीचं मला मोठेपणी कळलं, शाळेत एक ओळ नव्हती याबद्दल.

शंकाखोर

हे माहीत नव्हतं. तीन हजार?

टोरांटोचा_तात्या

हो. बहुतेक आसाम, बंगालकडचे. काही जण चार-पाच वर्षं होते आत. काहींना बोटीने चीनला पाठवलं जे आयुष्यात चीनला गेलेले नव्हते. वेगळा धागा काढू यावर, इथे बंड्याचं चालू दे.

गोडबोले_गुरुजी

वंशावळीच्या पुस्तकाबद्दल जरा अजून लिहा ना. आमच्याकडे कुलवृत्तांत आहे, १९३० च्या दशकातली आवृत्ती, त्यात मुलींची नुसती संख्या आहे, नाव नाही. 'कन्या २' असं. चिन्यांकडे काय पद्धत?

बंड्या_बेएरिया

गुरुजी, डिट्टो. येतोय त्यावर. त्याआधी काइपिंगबद्दल विचारलंय व्यक्तिगत निरोपात दोघांनी म्हणून पटकन.

काइपिंगला दगडी-सिमेंटचे मनोरे आहेत, द्याओलोउ म्हणतात. बाहेरून आलेल्या पैशातून बांधलेले, बहुतेक १९०० ते १९३० च्या दरम्यान. परदेशातून पैसे येतात म्हटल्यावर दरोडेखोर येणारच, शिवाय पूर यायचा, म्हणून चार-पाच मजले उंच, लोखंडी खिडक्या, बंदुकीला भोकं. आणि डोक्यावर रोमन कमानी, घुमट, खांब, काय वाट्टेल ते, कारण मालकाने पोस्टकार्डावर बघितलेलं. १८०० च्या वर अजून उभे आहेत, २००७ पासून युनेस्कोच्या यादीत. झिली नावाच्या गावात भाताच्या खाचरांतून एकदम हे मनोरे उठतात, बघण्यासारखंच आहे. पण तिथेच जवळ छिखान गाव आहे, दोन घराण्यांनी नदीकाठी दोन टोकांना चढाओढीने वाचनालयं बांधलेली, ते राहत्या माणसांना हलवून अख्खं पर्यटन स्थळ करून टाकलंय. चकाचक. मला नाही आवडलं. सासरे तिकीट बघून बाहेरच बसले, म्हणाले मी घरं बघायला पैसे देत नाही, माझं स्वतःचं रिकामं घर आहे.

त्यांना सगळ्या प्रवासात फक्त एकदा मी उत्साहाने उड्या मारताना बघितलं. ताइशानमध्ये व्हॉलीबॉलचं भयंकर वेड आहे, गावागावात कोर्ट, आणि नऊ-नऊ जणांची त्यांची वेगळी पद्धत आहे जी अमेरिकेतल्या चायनाटाउनमध्ये अजून खेळतात, लेबर डेला स्पर्धा असतात मोठ्या. रस्त्याकडेला पोरं खेळत होती, पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस टॅक्सी थांबवून उतरला आणि सर्व्हिस करून आला.

पुणेरी_चहा

काका रॉक्स. शाकाहारी लोकांचं काय होतं तिकडे?

बंड्या_बेएरिया

हाल. मी खातो सगळं. मातीच्या भांड्यातला ईल माशाचा भात हा तिथला खास पदार्थ, खालची खरपुडी खरवडून खायची. शाकाहारी असाल तर पालेभाज्या उत्तम, लसणात परतलेल्या, पण तेल कुठलं ते विचारू नका.

भाग तीन, यी मंडळींचं गाव.

सासऱ्यांचा चुलतभाऊ आहे तिथे, त्यांच्याच वयाचा जवळपास, बाकी त्याची पोरं शेनझेन नि ग्वांगझौला. गावात शिरताना शाळा लागते, तिच्या भिंतीवर देणगीदारांची नावं कोरलेली, पुढे रक्कम, डॉलर कुठले कॅनडाचे की अमेरिकेचे तेसुद्धा, काहींचे तर फोटो. आजेसासऱ्यांचं नाव आहे, खऱ्या आडनावाने. बायकोने त्या नावावरून बोट फिरवत फोटो काढून घेतला. सासरे रक्कम वाचत होते, इतरांची पण.

मग वाटप सुरू झालं. सासऱ्यांनी घरून एक वही करून आणली होती, गावातल्या प्रत्येक घराचं नाव, ओळीप्रमाणे, आणि पुढे आकडा. लाल पाकिटं आधीच भरलेली, आकड्याप्रमाणे वेगवेगळ्या रबरबँडमध्ये. ओळीने घरोघर. चहा नाही, गप्पा नाहीत, पाकीट, दोन वाक्यं, पुढचं घर. ज्यांची घरं बंद त्यांची पाकिटं चुलतभावाकडे, सही घेऊन! बायको वैतागली. तिला प्रत्येक घरात बसायचं होतं, विचारायचं होतं, तुम्हाला माझी आजी आठवते का, बाबा लहानपणी कसे होते. तिने रेकॉर्डर आणला होता, प्रश्नांची यादी काढली होती. म्हणाली हे गावी येणं आहे का पगारवाटप? ते म्हणाले, तुला काय हवंय ते तू विचार, मला उन्हं चढायच्या आत संपवायचंय.

आणि स्वतःच्या घराशी आल्यावर आत गेलेच नाहीत. करड्या विटांचं साधं घर, मनोरा वगैरे काही नाही. चुलतभावाने कुलूप उघडलं, बायको आत, मी आत, सासरे बाहेर ओट्यावर. छप्पर गळतंय, काय बघायचंय, म्हणाले. बायको आत एकेका खोलीची मापं घेतेय, देवघराच्या फळीवर आजेसासऱ्यांचा सुटातला फोटो आहे तो पुसतेय, आणि हे बाहेर चुलतभावाशी छपराच्या कौलांचा भाव करतायत.

तिचं डोकं फिरलं ते रास्तच होतं असं मला तेव्हा वाटलं.

सॅनहोजेची_शुभा

मला पण वाटलं असतं. एवढा खर्च करून, एवढ्या वयात, आणि आत पाय ठेवायचा नाही? माझे बाबा पण असेच, रत्नागिरीला नेलं तर नारळ मोजत बसले.

गोडबोले_गुरुजी

काहीतरी असणार कारण.

बंड्या_बेएरिया

होतं. ते संध्याकाळी कळलं, आणि चुलतभावाकडून, सासऱ्यांकडून नव्हे. तो आणि बायको मँडरिनमध्ये बोलू शकत होते, त्याची मोडकी, पण चालली.

पहिली गोष्ट, जमिनीच्या फेरवाटपात, १९५० नंतरच्या दोन-तीन वर्षांत, ज्यांनी अमेरिकेच्या पैशावर शेत घेतलं होतं अशा बऱ्याच घरांना जमीनदार ठरवलं गेलं. यांचंही झालं. घर गेलं, दुसरी कुटुंबं राहायला आली, आजी आणि सासरे मागच्या एका खोलीत. घर परत मिळालं ते १९८० च्या दशकात, सरकारने परदेशस्थ लोकांची घरं परत करायचं धोरण घेतलं तेव्हा. तोवर राहायला कुणी उरलं नव्हतं. एवढं बायकोला तुकड्यातुकड्यात माहीत होतं.

दुसरी माहीत नव्हती. १९५९ ते ६१ तो भयंकर दुष्काळ, माओच्या 'ग्रेट लीप' या सक्तीच्या औद्योगिकीकरणाच्या मोहिमेतला. पण सरकारला परकीय चलन हवं होतं, म्हणून ज्या घरात बाहेरून पैसे येतात त्यांना त्या पैशांच्या प्रमाणात खास कुपनं मिळायची, त्यावर जादा धान्य, तेल, साखर. म्हणजे ज्या कुटुंबाला जमीनदार म्हणून गावासमोर उभं केलं होतं तेच कुटुंब आता त्यातल्या त्यात जेवत होतं. आणि भिंतीपलीकडे त्याच घरात राहायला आलेली माणसं, शेजारची ओळ, चुलतभावाचं घर, यांना बाहेरून एक पैसा येत नव्हता. चुलतभावाची धाकटी बहीण त्यात गेली. सासरे तेव्हा अकरा-बारा वर्षांचे. आजी रात्री दार लावून, चूल लहान ठेवून भात करायची, वास जाऊ नये म्हणून.

चुलतभाऊ हे सांगताना अजिबात रागात नव्हता. म्हणाला तुझ्या आजीने आम्हाला दिलंही कधीकधी, सगळ्यांना कसं पुरणार. आणि मग १९६२ ला, मे महिन्यात सीमा ढिली पडली तेव्हा आजी सासऱ्यांना घेऊन हाँगकाँगला निघून गेली, मागे कुणाला न सांगता.

वहीतले आकडे मी नंतर बघितले. सगळ्यात मोठा आकडा चुलतभावाचा. त्याखालोखाल ज्यांना ते घर वाटून दिलं होतं त्या कुटुंबांचा, म्हणजे ज्यांनी ह्यांना मागच्या खोलीत ढकललं त्यांचाच. त्यांचे वारस आता गावातही नाहीत.

माझगावकरीण

...

बायको काय म्हणाली?

बंड्या_बेएरिया

त्या रात्री काही नाही. दुसऱ्या दिवशी चिंगमिंग. डोंगराच्या उतारावर कबरी, कोयत्याने गवत कापायचं, अख्खं भाजलेलं डुक्कर नेतात वर, तांदळाची दारू, खोट्या नोटा जाळायच्या, फटाके. त्या भागात पहिल्या पुरणानंतर काही वर्षांनी अस्थी काढून मातीच्या उंच मडक्यात ठेवतात, पणजीच्या तशाच ठेवल्यात. सासऱ्यांनी तीन वेळा वाकून नमस्कार केला, बायकोने केला, मीही केला. मग बायकोने रेकॉर्डर चालू केला आणि विचारलं, पणजी कशी होती. ते म्हणाले, आधी डुक्कर कापा, गार होतंय.

भांडण मिटलं असं काही नाही. परतीच्या विमानात पुन्हा, तिला वाटतं त्यांनी हे सगळं तिला आधीच सांगायला हवं होतं, चाळीस वर्षं एका घरात राहून परक्याकडून ऐकावं लागलं. त्यांना वाटतं चुलतभावाने सांगायला नको होतं. माझ्या मते दोघंही बरोबर, पण मी जावई, मला कोण विचारतो.

गुरुजी, वंशावळ राहिलीच. यी मंडळींची नवी आवृत्ती निघतेय, जुन्यात मुली नव्हत्या, आता घेतात. फी भरायची, सासऱ्यांनी भरली. निवृत्त शाळामास्तर काम बघतात, त्यांनी बायकोचं नाव, जन्मसाल उतरवून घेतलं, मग नवऱ्याचं नाव विचारलं. माझं नाव तीनदा म्हणून दाखवलं. त्यांनी बराच विचार करून तीन अक्षरं लिहिली, सासऱ्यांनी वाचली आणि पोट धरून हसले. काय लिहिलंय ते दोघंही बापलेक सांगत नाहीत.

पुणेरी_चहा

हाहाहा. त्या पानाचा फोटो टाका, इथे कुणीतरी वाचेल.

शंकाखोर

माझा वरचा प्रश्न मागे घेत नाही पण लेख आवडला. एक खरंच विचारायचंय, तुमच्या बायकोला आता खरं आडनाव परत घ्यावंसं वाटतं का?

बंड्या_बेएरिया

तिला वाटत होतं जाण्याआधी. आता म्हणते राहू दे. मुलीला मात्र विचारणार आहे मोठी झाल्यावर, तिच्याकडे सध्या माझं आहे, म्हणजे तिसरंच. सासऱ्यांना विचारलं तर म्हणाले नाव बदलायची फी किती.

नवा_वाचक_७

नमस्कार, पहिलाच प्रतिसाद. माझ्या मैत्रिणीचे आजोबा पण असेच आले होते बहुतेक, फाइल कशी मिळवायची? काय लागतं?

बंड्या_बेएरिया

सॅन ब्रूनोला ईमेल करा, नाव (कागदावरचं!), जन्मसाल, कुठल्या बोटीने कधी आले ते माहीत असेल तर उत्तम. बोटीचं नाव नसेल तरी शोधतात, वेळ लागतो. इंग्रजी स्पेलिंग चार-पाच तऱ्हेने देऊन ठेवा, त्या काळी प्रत्येक अधिकारी वेगळं लिहायचा. अपॉइंटमेंट घेऊन जा, मूळ फाइल समोर ठेवतात, पेन्सिल चालते, पेन नाही. आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनीज कल्चर सेंटरचा 'इन सर्च ऑफ रूट्स' म्हणून तरुणांसाठी कार्यक्रम होता, १९९१ पासून, त्यातले बरेच जण मदत करतात.

चिनी अक्षरातलं नाव घरात कुठे असेल तर आधी ते शोधा, जुनी पत्रं, पैशांच्या पावत्या, कबरीचा दगड. त्याशिवाय गाव सापडत नाही, इंग्रजी नावावरून तिकडे कुणीच काही सांगू शकत नाही. आणि आजोबा-आजीचा चुलतभाऊ वगैरे कुणी हयात असेल तर रेकॉर्डर घेऊन आधी त्याच्याकडे जा, आईबापांकडे नंतर.